नेमका बसणारा स्की बूट कसा निवडावा

नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने म्युनिक, झ्युरिक किंवा इन्सब्रुकच्या आसपास राहायला आलेली बरीच मराठी मंडळी एक-दोन हिवाळ्यांत स्की शिकण्याकडे वळतात. पहिल्या आठवड्यानंतर त्यांच्याशी बोलले की बहुधा पायांचीच तक्रार ऐकू येते: नडगी सोलवटली, बोटे बधिर झाली, अंगठ्याचे नख काळे पडले. मीही मोठ्या वयात याच डोंगरांत स्की शिकलो आणि बूट खरेदीच्या सगळ्या पायऱ्यांतून गेलो. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: यांतल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पायापेक्षा मोठा बूट असतो.

बूट मोठा असला की पाऊल आत पुढे-मागे सरकते. ते सरकू नये म्हणून आपण बकल आणखी आवळतो. आवळलेले बकल पावलाच्या वरच्या उंचवट्यावर दाबते, तिथून बोटांकडे जाणारे रक्त अडते, आणि पाय एकाच वेळी दुखतो आणि गारठतो. उतारावर वेग कमी करताना तेच सैल पाऊल पुढे घसरते आणि बोटे कवचावर, म्हणजे बुटाच्या बाहेरच्या कडक प्लॅस्टिकवर, आपटतात. रोजच्या चपला-बुटांच्या बाबतीत ‘थोडे सैल असू द्यावे’ हा सल्ला ठीक असला, तरी स्की बुटाला तो लागू पडत नाही, कारण या बुटाचे काम गुडघ्याची आणि घोट्याची बारीकशी हालचाल विनाविलंब स्कीपर्यंत पोहोचवणे हे आहे. पुढील पायऱ्या उतारावरच्या नेहमीच्या स्कीइंगच्या बुटांसाठी आहेत. टूरिंगचे आणि क्रॉस-कंट्रीचे बूट वेगळे असतात.

दुकानात जाताना सोबत काय असावे

- स्कीसाठी वापरायचे पातळ, गुडघ्यापर्यंत येणारे, लोकरीचे किंवा लोकरमिश्रित पायमोजे, एकच जोड
- गुडघ्यापर्यंत सहज वर सरकवता येईल अशी सैल पँट
- डॉक्टरांनी दिलेले इनसोल वापरत असाल तर ते
- घरी घेतलेल्या पावलांच्या मापांचा कागद
- स्की आधीच घेतलेल्या असतील तर त्या, बाइंडिंगसह (बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड)
- स्वतःचे वजन आणि उंची यांची नोंद, कारण बाइंडिंग लावताना ती वयासह विचारली जाते
- निदान दीड-दोन तासांची सवड

जुना घोट्याचा फ्रॅक्चर, टाचेचे हाड वाढणे, भोवरी, सपाट तळपाय असे काही असेल तर ते आधीच सांगावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असा घट्ट बूट घेऊ नये, कारण तो कुठे लागतो आहे हे वेळेवर कळणार नाही.

१. घरी दोन्ही पावले मोजा

भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, शरीराचा पूर्ण भार त्या पायावर द्या आणि सर्वांत लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे दुसरे बोट लांब असते. भिंतीपासून खुणेपर्यंतचे सेंटिमीटरमधील अंतर हेच तुमचे स्की बुटाचे माप. या पद्धतीला माँडोपॉइंट म्हणतात: २६.५ सेंटिमीटर लांबीच्या पावलाला २६.५ क्रमांकाचा बूट. दिवसभरात पावले थोडी फुगतात, म्हणून मोजमाप दुपारनंतर करावे. उजव्या-डाव्या पावलात फरक निघाला तरी काळजी नको, तो बहुतेकांच्या पायांत असतो. बूट निवडताना मोठ्या पावलाला बोटे न मुडपता उभे राहता आले पाहिजे.

सापळा इथेच असतो. भारतात वापरलेला यूके क्रमांक किंवा युरोपातील ४२, ४३ असा क्रमांक सांगून बूट मागितला की विक्रेता तक्त्यावरून रूपांतर करतो. हे तक्ते कंपनीगणिक बदलतात, शिवाय आपण रोजचे बूट मुळातच मोकळे घेतलेले असतात. त्यामुळे रूपांतरातून आलेला स्की बूट सहज एक पूर्ण क्रमांक मोठा निघतो. कोणी रोजच्या बुटाचा क्रमांक विचारला तर उत्तर न देता पाऊल मोजण्याची विनंती करावी.

अर्ध्या मापांविषयीही एक बाब माहीत असावी. बहुतेक कंपन्या २६ आणि २६.५ या दोन मापांसाठी एकच कवच वापरतात. फरक असलाच तर लायनरच्या, म्हणजे कवचाच्या आतल्या मऊ अस्तर-बुटाच्या, किंवा इनसोलच्या जाडीत असतो. कवचाच्या बाजूला, टाचेजवळ, तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ ३०५. एकाच मॉडेलच्या दोन मापांवर हा आकडा सारखाच दिसला तर कवच एकच आहे असे समजावे आणि त्या दोहोंत घोळत बसू नये.

२. रुंदी, उंचवटा, पोटरी आणि घोटा

लांबी जुळली म्हणजे बूट जुळला असे होत नाही. चवड्यापाशी कवच किती रुंद आहे हे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. ढोबळमानाने ९८ म्हणजे अरुंद, १०० म्हणजे मध्यम आणि १०२ किंवा त्याहून अधिक म्हणजे रुंद. हा आकडा बहुधा २६.५ मापाच्या बुटासाठी सांगितलेला असतो. लहान मापात प्रत्यक्ष रुंदी त्याहून कमी आणि मोठ्या मापात जास्त असते. अनेक कंपन्या एकाच बुटाच्या तीन रुंदी काढतात. अ‍ॅटॉमिकच्या हॉक्स मालिकेत अल्ट्रा अरुंद, प्राइम मध्यम आणि मॅग्ना रुंद आहे. टेक्निकाच्या माक वन या बुटावर एलव्ही, एमव्ही आणि एचव्ही अशी अक्षरे तोच क्रम दाखवतात. चवडा रुंद असलेल्या माणसाने लांबी वाढवून रुंदी मिळवण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. त्याच लांबीचा रुंद बूट मागावा. जर्मन बोलणाऱ्या दुकानांत या रुंदीला ‘लाइस्टनब्राइटे’ म्हणतात आणि दुखणाऱ्या जागेला ‘ड्रुकश्टेले’. हे दोन शब्द पाठ असले तर बोलणे खूप सोपे होते.

पावलाचा वरचा उंचवटा हा मात्र कागदावर न दिसणारा भाग आहे. उंचवटा जास्त असेल तर बूट चढवतानाच त्रास होतो आणि बकल न लावताही वरून दाब जाणवतो. पोटरीचेही तसेच. पोटरीचा स्नायू खालपर्यंत उतरलेला असेल तर नेहमीचा उंच काठ तिला आवळतो. स्त्रियांसाठी बनवलेल्या बुटांचा काठ म्हणूनच ठेंगणा आणि वर उघडता असतो. ज्या पुरुषाची पोटरी जाड व ठेंगणी आहे त्यानेही रुंद काठाचे मॉडेल मागण्यात संकोच करू नये.

घोटा किती वाकतो हे तपासायला घरीच उकिडवे बसून पाहा. टाचा जमिनीला टेकलेल्या राहत असतील तर घोटा मोकळा आहे. टाचा उचलल्या जात असतील तर बुटात गुडघे वाकवतानाही टाच वर येऊ पाहील. अशा वेळी फिटर, म्हणजे दुकानात बूट पायाला बसवून देणारा कारागीर, टाचेखाली लहान उंची घालून देतो, पण त्याला हे आधी सांगितलेले बरे.

३. फ्लेक्सचा आकडा

बुटावर ८०, १००, १२० असे ठळक आकडे असतात. पुढे झुकताना बूट किती विरोध करतो याचा तो अंदाज आहे. नवशिक्या स्त्रियांना साधारण ६० ते ८० आणि नवशिक्या पुरुषांना ८० ते १०० चालतो. वजन आणि उंची जास्त असेल तर थोडा वरचा. या आकड्याचे कोणतेही सामाईक प्रमाण नाही, त्यामुळे एका कंपनीचा १०० दुसरीच्या ९० इतकाच वाटू शकतो. शिवाय प्लॅस्टिक थंडीत कडक होते. दुकानातल्या उबेत सहज वाकणारा बूट उणे दहा अंशांत बराच ताठ वाटेल, हे लक्षात ठेवून निवड करावी. नडगीने पुढे रेटल्यावर बूट हळूहळू, विरोध वाढवत वाकला पाहिजे. मुळीच न वाकणारा बूट नवशिक्याला मागच्या बाजूला झुकवून ठेवतो आणि मग वळण घेताच येत नाही.

४. दुकान आणि वेळ

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुकानांत सगळी मापे असतात आणि फिटरला वेळही असतो. मार्च-एप्रिलमधील सवलती आकर्षक असतात, पण तेव्हा उरलेल्या मापांतून निवडावे लागते. एक पूर्ण क्रमांक मोठा बूट अर्ध्या किमतीत मिळाला तरी तो महागच आहे. ज्या दुकानात बूटफिटर बसून पावले मोजतो, कवचावर काम करण्याची यंत्रे आहेत आणि काही काळ फेरदुरुस्ती मोफत मिळते, तिथेच खरेदी करावी. ही हमी लेखी आहे का, किती काळाची आहे हे विचारून पावती जपून ठेवावी. इंटरनेटवरून मागवलेल्या बुटाला ही सोय नसते.

वापरलेले बूट नवशिक्याने टाळावेत. लायनर दुसऱ्याच्या पायानुसार दबलेला असतो, वर्षांनुवर्षांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि तळव्याची टोके झिजली असतील तर बाइंडिंग वेळेवर सुटेल याचा भरवसा राहत नाही.

५. रिकाम्या कवचात पाऊल घालून पाहा

सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे, आणि घाईच्या दुकानात नेमकी हीच गाळली जाते. फिटरने स्वतःहून केली नाही तर आग्रह धरावा.

बुटातील मऊ लायनर पूर्ण बाहेर काढायचा. मोजा घातलेले पाऊल रिकाम्या कवचात ठेवायचे आणि सर्वांत लांब बोट पुढच्या भिंतीला अलगद टेकेपर्यंत पुढे सरकवायचे. गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे आणि टाचेच्या मागे किती जागा उरली ते पाहायचे. काही फिटर ठरावीक जाडीच्या लाकडी कांड्या घालून मोजतात. नाहीतर फोनचा दिवा लावून वरून पाहता येते. सुट्टीत स्की करणाऱ्या नवशिक्यासाठी ही जागा दीड ते दोन सेंटिमीटर असावी. सराईत स्कीयर एक ते दीड सेंटिमीटर ठेवतात आणि शर्यतीत उतरणारे त्याहूनही कमी. दोन सेंटिमीटरपेक्षा अधिक जागा उरली तर तो बूट परत करावा, मग लायनरसह तो कितीही सुखद वाटला तरी. त्याच वेळी दोन्ही बाजूंनाही नजर टाकावी: चवडा कवचाला दाबून बसला असेल किंवा घोट्याचे हाड प्लॅस्टिकला टेकत असेल तर काम कुठे करावे लागेल ते इथेच कळते.

हा आग्रह का, तर लायनर आपल्याला फसवतो. नवा लायनर जाड आणि मऊ असतो. तो मोठ्या कवचातली रिकामी जागा भरून काढतो आणि बूट बसला असे वाटते. काही दिवसांच्या वापराने तो दबतो आणि खरी जागा उघडी पडते. कवच मात्र होते तेवढेच राहते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचे स्की बूट बाजारात आणण्यापूर्वी बूट चामड्याचे असत. इटलीतील माँतेबेल्लूना या गावाच्या परिसरात, जिथे आजही अनेक नामांकित कंपन्यांचे बूट घडवले जातात, १९३९ साली सुरू झालेली नॉर्डिका ही कंपनीही आधी चामड्यातच काम करत होती. चामडे वापराने सैलावते आणि पायाचा आकार घेते. प्लॅस्टिक तसे करत नाही. म्हणून ‘वापरताना जमून जाईल’ हा सल्ला लायनरपुरताच खरा आहे.

६. बूट नीट चढवा

चुकीच्या तऱ्हेने चढवलेला योग्य बूटही चुकीचा वाटतो. बकल आणि वरचा पट्टा पूर्ण उघडा, जीभ पुढे आणि बाहेरच्या बाजूला ओढा, पाऊल आत सरकवा. मग टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटा म्हणजे ती मागच्या खोबणीत बसेल. गुडघा पुढे रेटून वरून दुसरे, म्हणजे घोट्याजवळचे बकल लावा, कारण टाच जागेवर धरण्याचे काम तेच करते. नंतर सर्वांत वरचे, मग पट्टा, आणि शेवटी पुढची दोन बकले अगदी हलकी. पुढच्या बकलांचा उपयोग बर्फ व पाणी आत येऊ न देण्यापुरता आहे. त्यांनी पाऊल आवळायचे नसते. २०२३-२४च्या हंगामापासून काही कंपन्यांनी पुढच्या बकलांऐवजी बोआ नावाची चकती आणि तार बसवली आहे. तिने दाब सारखा पसरतो, पण माप चुकले असेल तर तीही ते सुधारू शकत नाही.

बुटात मोज्याखेरीज काहीही जाता कामा नये. थर्मल पायजमा बुटाच्या वरच थांबवावा. त्याची शिवण नडगीवर दिवसभर घासते. थंडीच्या भीतीने दोन मोजे घालणाऱ्यांचे पाय अधिक गारठतात, कारण दाबाने रक्त अडते आणि दोन थर एकमेकांवर सरकून फोडही येतात.

७. अर्धा तास पायात ठेवा

पहिल्या दोन मिनिटांत बूट फार लहान आहे असेच वाटेल. ताठ उभे असताना बोटे पुढे टेकतील. घाबरू नका, गुडघे वाकवून नडगी पुढे रेटा. टाच मागे सरकेल आणि बोटे भिंतीपासून जराशी सुटतील. वाकल्यावरही बोटे मुडपलेलीच राहत असतील तरच बूट खरोखर लहान आहे.

यानंतर दुकानात निदान २० ते ३० मिनिटे बूट काढू नका. एका पायात एक मॉडेल आणि दुसऱ्यात दुसरे घालून तुलना करता येते, आणि ती फार उपयोगी पडते. लायनर ऊब धरून मऊ होऊ लागला की पाय काय सांगतो आहे ते ओळखायचे. सर्व बाजूंनी सारखा, पाऊल कोणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखा दाब असेल तर तो योग्य आहे. एकाच ठिकाणी टोचणे, मुंग्या येणे, बधिरपणा किंवा तळपायात गोळा येणे हे बरोबर नाही. नेहमीच्या दुखऱ्या जागा म्हणजे करंगळीच्या मुळाशी असलेला बाहेरचा सांधा, घोट्याचे आतले हाड, त्याच्या खालचे पुढे आलेले लहान हाड आणि टाचेचा मागचा उंचवटा. बोट ठेवून जागा दाखवा. फिटर तिथे खूण करतो.

टाचेची परीक्षा शेवटी. कोणाला तरी बुटाचा मागचा भाग जमिनीला दाबून धरायला सांगा आणि पुढे झुकून टाच उचलण्याचा प्रयत्न करा. ती उचलली गेली तर बूट घेऊ नका. विक्रेता ‘बकल एक खाच पुढे घ्या’ म्हणेल. नव्या कोऱ्या बुटाचे बकल दुकानातच शेवटच्या खाचेकडे पोहोचत असेल, तर लायनर दबल्यावर आवळायला काहीच उरणार नाही.

८. फिटर काय बदलू शकतो आणि काय नाही

तापवून लायनर पायाच्या आकाराचा करता येतो. काही बुटांचे कवचही भट्टीत तापवून पायाभोवती बसवतात. एखाद्या हाडापाशी प्लॅस्टिक गरम करून काही मिलिमीटर बाहेर ढकलता येते किंवा आतून घासून पातळ करता येते. पायाच्या कमानीला आधार देणारा इनसोल बनवून घेता येतो, आणि माझ्या मते कवचानंतर पैसे खर्च करण्यासारखी हीच गोष्ट आहे. भार पडल्यावर कमान खाली बसून पाऊल लांबते व पसरते ते त्याने थांबते, आणि बऱ्याचदा करंगळीजवळचे दुखणे घासकाम न करताही जाते. पाय किंचित आत किंवा बाहेर वळलेले असतील तर काही बुटांचा वरचा भाग घोट्याजवळच्या खिळीने त्यानुसार तिरका करता येतो.

हे सगळे काम बूट जागोजागी मोठा करण्याचे आहे. मोठे कवच लहान करण्याचा कोणताही टिकाऊ उपाय नाही. दोन मापांत शंका उरली तर लहान माप घेऊन फिटरला काम करू द्यावे.

९. बाइंडिंगशी जुळणी

बुटाचा तळवा कोणत्या प्रकारचा आहे ते विचारा. जुना सपाट अल्पाइन तळवा आयएसओ ५३५५ या मानकाचा असतो. हल्ली अनेक बुटांना चालायला सोपा, किंचित वळणदार आणि रबरी ग्रिपवॉक तळवा असतो. तो प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाही, बाइंडिंगवर तसे चिन्ह असावे लागते. बूट बदलला की स्की त्याच असल्या तरी बाइंडिंग पुन्हा लावून घ्यावीच लागते, कारण पडताना स्की सुटण्यासाठीचा डीआयएन आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि तळव्याची लांबी यांवरून ठरतो. हे काम दुकानातील तंत्रज्ञाकडूनच यंत्रावर तपासून घ्यावे. वजन किंवा कौशल्य वाढवून सांगू नये. गुडघ्याचा प्रश्न आहे.

१०. भाड्याचे बूट आणि मुलांचे बूट

पहिल्या आठवड्यासाठी भाड्याचे बूट पुरेसे आहेत. त्यानंतर खरेदी करायची झाली तर आधी बूट घ्यावेत आणि स्की भाड्यानेच वापरत राहाव्यात. भाड्याच्या बुटांचे लायनर दबलेले असतात, म्हणून सेंटिमीटरमधील अचूक माप मागावे आणि सैल वाटल्यास निःसंकोच लहान माप घालून पाहावे. गुलमर्ग किंवा औलीला शिकायला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. तिथे मापांची निवड मर्यादित असू शकते, म्हणून वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दुपारी बूट घेऊन खोलीत अर्धा तास घालून बसावे, म्हणजे बदलायला वेळ मिळतो. पायमोजे स्वतःचेच न्यावेत.

मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची आपल्याकडची रीत इथे वापरू नका. दोन माप मोठ्या बुटात मूल वळूच शकत नाही आणि दोष स्वतःला देते. आल्प्समधील अनेक दुकाने मुलांचे साहित्य पूर्ण हंगामासाठी भाड्याने देतात. पाय भराभर वाढत असताना तोच मार्ग बरा.

११. पहिले काही दिवस आणि निगा

पहिल्या दिवशी सोप्या उतारांवरच राहा, लिफ्टमध्ये बसल्यावर बकल सैल करा आणि उतरताना पुन्हा लावा. बकलाची दांडी फिरवून अर्ध्या खाचेइतका फरक करता येतो. दुखणारी जागा संध्याकाळीच कागदावर टिपून ठेवा: कोणता पाय, कोणते हाड, किती वेळाने. ही टिपणे घेऊन फिटरकडे परत जा. एक-दोन फेऱ्या लागणे अगदी स्वाभाविक आहे. काही दिवसांनी एक खाच अधिक लागू लागली तर तो लायनर दबल्याचा परिणाम आहे.

रात्री बूट गाडीत ठेवू नका. गोठलेले कवच सकाळी उघडतच नाही. लायनर काढून साध्या हवेत वाळवा, हीटरवर ठेवू नका. पूर्ण वाळल्यावर लायनर परत घालून बकले हलकी लावून ठेवा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही, आणि हंगाम संपल्यावर बूट तसेच, उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवा.